पिरेयसला जहाज थांबतं तेव्हा: आईबाबांना अक्रोपोलिस म्युझियम कसं दाखवावं

आईबाबा सत्तरीच्या पुढचे असतील आणि तुमचं क्रूझ पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, एकच दिवस थांबणार असेल, तर माझं सांगणं सरळ आहे: अक्रोपोलिसची, म्हणजे प्राचीन देवळांची, टेकडी खालून बघा आणि अक्रोपोलिस म्युझियम आतून, निवांत बघा. एका दिवसात दोन्ही करायला जाल तर दोन्ही अर्धवट राहील आणि परतताना कुणाचा तरी गुडघा सुजलेला असेल.

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांबद्दल थोडं अधिकारानं बोलते. चढताना दम लागतो, पण गुडघा खरा बोलायला लागतो तो उतरताना. टेकडीवरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला आहे, सावली जवळजवळ नाही, आणि वरच्या प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांवर गर्दीत थांबून श्वास घ्यायलाही जागा मिळत नाही. अपंग आणि चालायला त्रास असणाऱ्या लोकांसाठी डिसेंबर २०२० पासून तिथे नवी लिफ्ट आहे. आईबाबांपैकी कुणी पूर्ण वेळ व्हीलचेअरवर असेल आणि टेकडीच बघायची असेल तर तिची चौकशी आधी करून ठेवा. पण थोडं चालू शकणाऱ्या, काठी न वापरणाऱ्या, ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या आईबाबांची अडचण वेगळी असते. ते लिफ्ट मागत नाहीत, चढून जातात आणि पुढचे दोन दिवस केबिनमध्ये पडून राहतात. शिवाय कडक उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली की दुपारचे काही तास टेकडी बंदच ठेवतात. २०२३ च्या जुलैत असं झालं होतं, त्यानंतरही झालं आहे.

म्युझियम मात्र टेकडीच्या पायथ्याशी, वरच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळापासून जेमतेम तीनशे मीटरांवर आहे. २० जून २००९ ला ते उघडलं. बर्नार्ड त्शुमी या वास्तुकारानं ते बांधताना तिसरा मजला असा फिरवला की तो वरच्या पार्थेनॉनला समांतर राहावा, आणि चारही बाजूंनी काच लावली. म्हणजे देवळावरची शिल्पं बघता बघता मान वळवली की समोर देऊळ दिसतं. एसी आहे, लिफ्ट आहे, स्वच्छ स्वच्छतागृहं आहेत. आईबाबांच्या वयात यापेक्षा चांगली जागा अथेन्समध्ये नाही.

घरून निघण्याआधी

टेकडीचं तिकीट आणि म्युझियमचं तिकीट वेगवेगळं आहे, आणि दोन्हींच्या वेबसाइटही वेगळ्या आहेत. नावात दोन्हीकडे ‘अक्रोपोलिस’ असल्यामुळे टेकडीचं तिकीट काढून म्युझियमच्या दाराशी उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. तिकीट म्युझियमच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, वेळेसकट काढा. पहिली वेळ, म्हणजे सकाळी नऊची, मिळाली तर सोडू नका. जहाजांच्या सहलींच्या बसगाड्या ऊन टाळायला सकाळी आधी टेकडीवर जातात आणि मग अकरा-बाराच्या सुमाराला म्युझियमकडे येतात. तोवर तुमचं अर्धं म्युझियम शांतपणे बघून झालेलं असतं.

एप्रिल ते ऑक्टोबर म्युझियम सोमवारी नऊ ते पाच, इतर दिवशी नऊ ते आठ आणि शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. हिवाळ्यात सोमवार ते गुरुवार पाचलाच बंद होतं. १ जानेवारी, ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर या दिवशी बंद. ईस्टरची तारीख आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरशी जुळेलच असं नाही, तेव्हा एप्रिल-मेची क्रूझ असेल तर ती मुद्दाम तपासा. १८ मे आणि २८ ऑक्टोबरला प्रवेश मोफत असतो. खिशाला ते बरं वाटेल, पण त्या दिवशीची गर्दी वयस्कर माणसांसाठी नको.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक गोष्ट तिकिटापेक्षा महत्त्वाची. ग्रीसमधून निघणाऱ्या बऱ्याच क्रूझ मध्येच तुर्कस्तानातल्या कुशादासीला किंवा इस्तंबूलला जाऊन परत ग्रीसमध्ये येतात. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तेव्हा शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा, आणि तुर्कस्तानच्या व्हिसाचं वेगळं बघायचं. व्हिसा हातात आल्यावर त्यावर ‘मल्ट’ लिहिलं आहे का ते तिघांच्याही पासपोर्टवर बघा. कधी कधी एकाच घरातल्या लोकांना वेगवेगळा मिळतो.

आणखी एक काम घरीच करायचं: आईबाबांना म्युझियमची ओळख करून द्या, पण लेक्चर देऊ नका. माझे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवून त्यांनी किती मुलांचे हात घडवले असतील. ग्रीक शिल्प म्हणजे त्यांच्यासाठी विद्यार्थिदशेत चारकोलनं काढलेले प्लास्टरचे पुतळे, ज्याला ते लोक ‘अँटिक’ म्हणतात. त्यांना मी फक्त एवढंच सांगितलं की तिथे अस्सल संगमरवर आणि प्लास्टर शेजारी-शेजारी लावलं आहे. आईला शिल्पांत फारसा रस नाही, तिला माणसं कशी जगायची ते हवं असतं. तिला सांगितलं, तिथे लोकांनी देवाला वाहिलेल्या नवसाच्या वस्तू आहेत. प्रत्येकाला स्वतःची अशी एक गोष्ट आधीच दिलेली असली की माणूस तिथे ओढीनं जातो. ‘आता किती राहिलंय?’ हा प्रश्न मग फार उशिरा येतो.

घड्याळ जहाजाचं

इटलीहून ग्रीसला येताना घड्याळ एक तास पुढे जातं. मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप बदलतो, जहाज कधी बदलेल ते जहाज ठरवतं. म्हणून उतरायच्या आदल्या रात्री केबिनमध्ये येणारं दैनिक पत्रक नीट वाचा आणि बाबांच्या मनगटी घड्याळात जहाजाची वेळ लावून ठेवा. दिवसभर तेच घड्याळ खरं मानायचं. त्याच पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

सुटण्याची वेळ आणि परतण्याची शेवटची वेळ यांत अर्ध्या-एक तासाचा फरक असतो. मी हिशेब असा मांडते: परतण्याच्या शेवटच्या वेळेच्या अडीच तास आधी म्युझियमच्या बाहेर पडायचं. पिरेयस ते अथेन्सचं मध्यवस्तीचं अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे, रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास पुरतो. पण दुपारी रस्ता रिकामा नसतो. अडीच तास जास्त वाटतील, पण त्यात आईला दोनदा स्वच्छतागृहात जाता येतं, बाबांना रस्त्यावर वाजवणाऱ्या माणसापाशी थांबता येतं आणि तुमच्या कपाळावर आठी येत नाही. तुमची आठी दिसली की आईबाबा पाय ओढत का होईना, घाईनं चालायला लागतात. पडण्याचे प्रसंग नेमके तेव्हाच येतात.

जहाजाची सहल घ्यावी का? तिचा एक मोठा फायदा आहे: तिची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमची टॅक्सी उशिरा आली तर थांबत नाही. पण त्या सहलींत बहुधा टेकडी असतेच, म्युझियमला तासभर मिळतो आणि चाळीस माणसांच्या मागे झेंडा बघत चालावं लागतं. सत्तरीच्या माणसाला चाळीस जणांचा वेग झेपत नाही. वेळेची शिस्त पाळणार असाल तर स्वतंत्र जा.

बंदरातून म्युझियमपर्यंत

पिरेयस बंदर फार मोठं आहे. क्रूझ जहाजं लागतात ती जागा आणि हिरव्या लाइनचं जुनं मेट्रो स्टेशन यांत बरंच अंतर आहे. तिथवर चालत जायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आईबाबांच्या दिवसभराच्या पावलांचा साठा तिथेच संपेल. २०२२ पासून निळी लाइन पिरेयसपर्यंत आली आहे आणि तिचं ‘दिमोतिको थेआत्रो’ हे स्टेशन त्या मानानं जवळ आहे. निळ्या लाइननं सिंतग्मा, तिथे लाल लाइन, आणि एकच स्टेशन पुढे अक्रोपोली. स्टेशनात लिफ्ट आहेत, आणि बाहेर आल्यावर म्युझियम दोन मिनिटांवर. तरुण असाल तर हा रस्ता उत्तम. गर्दीत पाकीट सांभाळा, पिरेयसच्या गाड्यांत पाकीटमार असतात.

आईबाबांबरोबर जाताना मात्र मी टॅक्सीच म्हणेन. पिवळी टॅक्सी, मीटर चालू असल्याची खात्री करून. उबरही अथेन्समध्ये परवानाधारक पिवळी टॅक्सीच पाठवतं, त्यामुळे भाड्याची घासाघीस नको असेल तर ते बरं. म्युझियमसमोरचा दिओनिसिऊ अरेओपागितू हा रस्ता पादचाऱ्यांचा आहे, गाडी दारापर्यंत जात नाही. चालकाला ‘अक्रोपोली मेट्रो’ सांगा. परत जाताना तिथूनच गाडी मिळते, म्हणून उतरल्यावर ती जागा आईबाबांना दाखवून ठेवा: चुकामूक झाली तर इथे यायचं.

पासपोर्ट, त्याची झेरॉक्स आणि जहाजाचं कार्ड यांचं काय करायचं ते जहाजाच्या नियमाप्रमाणे. काही जहाजं पासपोर्ट ठेवून घेतात. कार्ड मात्र प्रत्येकाच्या गळ्यात हवं, एकाच्या पर्समध्ये तिघांचं नको. गोळ्या, इन्सुलिन, पाण्याची बाटली, पातळ स्वेटर आणि पाकीटबंद काहीतरी खायला, एवढं एका छोट्या पिशवीत. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, ती सामानघरात ठेवावी लागते. जहाजावरची फळं आणि शिजवलेलं अन्न खाली उतरवू नका, बऱ्याच बंदरांत ते चालत नाही. आई राजगिऱ्याच्या चिक्कीची पाकिटं घरूनच घेऊन निघाली होती, ती कामाला आली.

आत गेल्यावर: आधी वर

म्युझियमची मांडणी खालून वर जाते. तळमजल्यावरून एक रुंद उतार चढत जातो, मग पायऱ्या, मग पहिला मजला, आणि शेवटी तिसऱ्यावर पार्थेनॉन. मांडणी सुंदर आहे, पण त्यात सगळ्यात मोलाचं दालन सगळ्यात शेवटी येतं, आईबाबा दमल्यावर. म्हणून उलटं करा. तिकीट दाखवून झालं की थेट लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर जा आणि मग एकेक मजला खाली या, तेही लिफ्टनंच.

पण त्याआधी व्हीलचेअर मागून घ्या. म्युझियममध्ये त्या मोफत मिळतात. लागो न लागो, एक घ्याच. दालनांत बसायला जागा आहेत, पण मोजक्या, आणि नेमक्या हव्या त्या शिल्पासमोर नसतात. बाबा आधी नाही म्हणाले.

‘मी काय पेशंट आहे?’

‘नाही हो बाबा. ही चालायला नाही, बघायला आहे. तुम्हाला जिथे थांबावंसं वाटेल तिथे आपण खुर्ची थांबवू.’

मग ते बसले. आणि बसल्यावर एकेका दगडासमोर इतका वेळ थांबले की उभ्यानं ते कधीच जमलं नसतं. मध्येच उठून आईला बसवलं. खुर्ची एक आणि माणसं दोन, हे मला सगळ्यात चांगलं वाटतं, कारण उठबस होत राहिली तर सांधे धरत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी देवळावर होती त्याच क्रमानं लावली आहे. पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात, अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याच्या वेळी उभं राहिलं. शिल्पकामावर देखरेख फिडियास या शिल्पकाराची. पट्टीची मूळ लांबी १६० मीटर. त्यातले सुमारे ५० मीटर इथे आहेत, ८० मीटर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. तुर्की अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्जिननं ती उतरवून नेली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारनं ती विकत घेतली. जे नेलं त्याच्या जागी इथे प्लास्टरच्या प्रतिकृती बसवल्या आहेत. अस्सल दगड पिवळसर, मधाळ; प्लास्टर पांढरंफटक. कुठलंही लेबल न वाचता आईला सुद्धा कळत होतं कुठला तुकडा घरी आहे आणि कुठला परदेशी.

साताऱ्याच्या माणसाला हे दालन जास्त लागतं. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं आपल्या संग्रहालयात आली, ती उसनी म्हणून, मुदतीवर. ती महाराजांचीच का यावर इतिहासकारांत वाद आहे, पण बाबा रांगेत उभे राहिले होते. इथे प्लास्टरच्या घोडेस्वारांसमोर ते म्हणाले, ‘उसनं का घ्यायचं गं आपलंच?’ ग्रीसही नेमकं हेच म्हणत आला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये व्हॅटिकननं आपल्याकडचे पार्थेनॉनचे तीन तुकडे ग्रीसला परत दिले.

या मजल्यावर दोन जागा चुकवू नका. पूर्वेच्या बाजूला देव बसलेले आहेत, त्यातले पोसायडन, अपोलो आणि आर्टेमिस अस्सल आहेत. आणि उत्तरेच्या बाजूला पाण्याचे जड घडे खांद्यावर घेतलेले तरुण. तिघांनी घडा खांद्यावर घेतलाय, चौथा खाली वाकून जमिनीवरचा उचलतो आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. जड वस्तू उचलणाऱ्या माणसाचा खांदा कसा खाली येतो आणि अंग कुठे ताणलं जातं, हे त्या शिल्पकारानं माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा नीट पाहिलेलं आहे. बाबांनी वहीत तोच वाकलेला माणूस काढून घेतला. फोटोत फ्लॅश नको, आणि जिथे फोटोच नको तिथे रक्षक नम्रपणे सांगतात. दालनांत म्युझियमचे पुरातत्त्वज्ञही फिरत असतात, त्यांना इंग्रजीत बेधडक विचारा. गाइडची गरज मला वाटली नाही.

मग दुसरा मजला, म्हणजे जेवण. पण आधी पहिल्या मजल्यावरच्या कॅरिएटिड, म्हणजे खांबांच्या जागी उभ्या असलेल्या स्त्रियांच्या मूर्ती, बघून घ्यायच्या की जेवून, हे आईच्या साखरेवर ठरवा. आईला अकराच्या आसपास काहीतरी पोटात लागतं, म्हणून आम्ही आधी खाल्लं.

शाकाहारी माणसांचं जेवण

रेस्टॉरंटला गच्ची आहे आणि गच्चीतून टेकडी समोर दिसते. सावलीतलं टेबल मागा. इथेच आईबाबांना टेकडी ‘झाली’ असं वाटतं, आणि फोटोही इथूनच चांगले येतात.

ग्रीक जेवणात शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. पालक आणि चीज भरलेली स्पानाकोपिता, टोमॅटो-सिमला मिरचीत भात भरून भाजलेलं गेमिस्ता, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल म्हणजे गिगांतेस, काकडी-दह्याचं त्झात्झिकी. ‘फावा’ मागवा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. आईनं त्याच्याबरोबर पाव खाल्ला आणि पहिल्यांदाच जहाजाच्या बाहेर पोटभर जेवली. भातभरल्या भाज्यांत आणि द्राक्षपानांच्या गुंडाळ्यांत कधी कधी खिमाही असतो, तेव्हा विचारून घ्या: ‘खोरीस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय, ‘खोरीस प्सारी’ म्हणजे मासे नकोत.

‘निस्तीसिमो’ हा शब्द कुणी सुचवेल, म्हणजे चर्चच्या उपवासाचं. त्यात मांस, अंडी, दूध नसतं हे खरं, पण कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात. कट्टर शाकाहारी आईबाबांसाठी त्या शब्दावर विसंबू नका.

जेवून झालं की लगेच उठवू नका. वीस मिनिटं तिथेच बसू द्या, खुर्चीवर पाय पुढे पसरून घोटे वर-खाली करायला सांगा. जहाजावर आधीच पाय सुजतात, त्यात उन्हाची भर.

पहिला मजला

इथे पार्थेनॉनच्या आधीच्या काळातले पुतळे आहेत, खांबांच्या मधे मोकळे उभे, उजेडात. भिंतीला चिकटवलेलं जवळजवळ काही नाही, त्यामुळे खुर्ची सगळ्यांच्या भोवती फिरवता येते. खांद्यावर वासरू घेतलेला माणूस इ.स.पू. ५७० च्या सुमाराचा. वासराचे पाय त्यानं छातीवर धरलेले आहेत, आणि बाबांनी मला दाखवलं की त्याचे हात आणि वासराचे पाय मिळून छातीवर एक फुली तयार होते. काही तरुणींच्या पुतळ्यांवर रंगाचे अंश अजून शिल्लक आहेत. ही शिल्पं मुळात रंगीत होती, हे ऐकून आपल्या देवळांतले रंगवलेले देव बघत वाढलेल्या आईला काहीच नवल वाटलं नाही.

कॅरिएटिडपाशी मात्र वेळ राखून ठेवा. इरेक्थिऑन या देवळाचं छत डोक्यावर धरणाऱ्या सहा स्त्रिया, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या. पाच इथे आहेत, सहावी लंडनला. तिची जागा रिकामी ठेवली आहे. टेकडीवर आता ज्या दिसतात त्या प्रतिकृती. म्हणजे जे लोक घाम गाळत वर गेले ते नक्कल बघत असतात आणि तुमच्या आईबाबांसमोर अस्सल उभ्या असतात, हे त्यांना जरूर सांगा.

मागच्या बाजूला जा. या स्त्रियांचे केस जाड वेण्यांत विणून पाठीवर सोडलेले आहेत. ते नुसते शोभेचे नाहीत. एवढं छत पेलायचं तर मान बारीक ठेवून चालत नाही, म्हणून केसांचा भार मानेमागे घेऊन दगडाची जाडी वाढवली आहे, समोरून मान नाजूकच दिसते. आणि पाय बघा: प्रत्येकीनं एका पायावर भार घेतलाय, दुसरा गुडघा किंचित वाकवलाय. भाराच्या पायावरच्या वस्त्राच्या चुण्या खांबासारख्या सरळ पडल्या आहेत. मी पेशंटना उभं राहायला शिकवते तेव्हा हेच शिकवते, भार कुठल्या पायावर आहे ते ओळखा. आईनं तिथेच स्वतःचा भार बदलून पाहिला.

शेवटी उतार, आणि काचेची जमीन

पहिल्या मजल्यावरून लिफ्टनं खाली आलात की त्या रुंद उताराचं दालन खालच्या टोकाकडून बघा, जमेल तेवढंच. टेकडीच्या उतारांवर जी छोटी देवस्थानं होती तिथल्या वस्तू इथे आहेत, आणि आईसाठी हेच खरं म्युझियम होतं. लग्नाआधी वधूच्या स्नानाचं पाणी आणायचे ते उंच मानेचे घडे. लग्नानंतर मुली ते निम्फ या देवतेला वाहायच्या. पुढे अस्क्लेपिओस या वैद्यदेवाला वाहिलेल्या वस्तू, त्यांत दगडात कोरलेले डोळे. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहतात. आईनं स्वतःच्या डोळ्यांना हात लावून नमस्कार केला. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे.

एक सावधगिरी इथे घ्यायची. म्युझियम उत्खननावर खांबांवर उभं आहे आणि बऱ्याच ठिकाणी जमीन काचेची आहे, खाली प्राचीन वस्तीच्या भिंती दिसतात. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांना खाली बघताना खोली चुकीची वाटते आणि तोल गेल्यासारखं होतं. सांगा की नजर समोर ठेव, हात धर, आणि शक्य असेल तिथे काचेच्या कडेनं चल. ‘खाली बघ, किती छान दिसतंय’ असं चालता चालता म्हणू नका. थांबून, कठडा धरून मग बघायचं. २०१९ पासून ते उत्खननही उतरून बघता येतं. अंगात बळ उरलं असेल तरच.

परत

बाहेरच्या पादचारी रस्त्यावर झाडांखाली बाक आहेत. वेळ उरला तर तिथे बसा. टॅक्सीऐवजी मेट्रोनं परतत असाल तर सिंतग्मा स्टेशनच्या आत काचेमागे जमिनीचा उभा छेद ठेवलाय, त्यात एक थडगं सांगाड्यासकट दिसतं. लाइन बदलता बदलता दिसेल. वर चौकात पहाऱ्याचे सैनिक दर तासाला बदलतात, पण त्यासाठी उन्हात ताटकळत ठेवू नका. ग्रीसमध्ये मेट्रोचे संप होतात आणि बहुधा आधी जाहीर होतात. आदल्या दिवशी जहाजाच्या काउंटरवर विचारून ठेवा.

केबिनमध्ये आल्यावर बूट-मोजे काढून पाय उशीवर वीस मिनिटं वर ठेवायचे, गुडघा गरम लागत असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. बर्फ केबिनमध्ये मागितला की आणून देतात. मधुमेह असेल तर तळपाय नीट तपासा, फोड आला असेल तर आत्ताच कळू दे. आणि पुढचं बंदर सांतोरिनी असेल तर आज रात्रीच ठरवा: जुन्या बंदरातून वर गावात जायला केबल कार आहे, नाहीतर ५८८ पायऱ्या. केबल कारची रांग उन्हात लांब असते. सकाळी गुडघा हलका वाटला तर पहिल्या बोटीनं जा, नाहीतर आईबाबांना डेकवर सावलीत खुर्च्या धरून द्या. ते बेट समुद्रातून बघायलाही फार सुंदर आहे.